अनुदानाचा हप्ता का थांबतो? संगमनेर तालुक्यातील शेतकऱ्यांसाठी नोंदी, खाते आणि तपासणीची माहिती

पीएम-किसान योजनेतून वर्षाला ६,००० रुपये आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी ६,००० रुपये, असे मिळून पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला १२,००० रुपये मिळतात. साकूर, घारगाव, बोटा या पठार भागातील किंवा तळेगाव दिघे पट्ट्यातील कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ही रक्कम म्हणजे खरिपाच्या बियाण्याची आणि खताची सोय असते. पैसे थांबले की हप्ता तर जातोच, शिवाय संगमनेरला हेलपाटे घालण्यात दिवस आणि भाडे जाते. बँक म्हणते तहसीलला जा, तहसील म्हणते कृषी कार्यालयात जा, कृषी कार्यालय म्हणते आधार तपासा.

हे हेलपाटे टाळता येतात. बहुतेक वेळा पैसे एका ठरावीक नोंदीपाशी अडलेले असतात. ती नोंद कोणती हे आधी घरी बसून मोबाइलवर पाहा आणि मग त्याच कार्यालयात जा. हे कसे करायचे ते खाली क्रमाने दिले आहे.

पैसे कोणत्या चार नोंदींवर अवलंबून असतात?

योजना कोणतीही असो, थेट खात्यात येणारे अनुदान पुढील चार नोंदी जुळल्या की येते.

१. जमिनीची नोंद: सातबारा आणि आठ-अ. ही नोंद ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), मंडळ अधिकारी आणि तहसील कार्यालयाकडे असते.
२. व्यक्तीची नोंद: आधारवरील नाव, आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक आणि ई-केवायसी. दुरुस्ती आधार केंद्रात होते. ई-केवायसी मोबाइलवर किंवा सामायिक सुविधा केंद्रात (सीएससी) होते.
३. खात्याची नोंद: आधार कोणत्या बँक खात्याला जोडले आहे. हे काम बँकेचे.
४. शेतातील नोंद: ई-पीक पाहणी, पंचनामा, ठिबकची जागेवरची तपासणी किंवा जनावराच्या कानातील बिल्ला. योजनेनुसार ही नोंद बदलते.

पीएम-किसान आणि नमो योजनेला पहिल्या तीन नोंदी लागतात. कांदा, दूध, नुकसान भरपाई, ठिबक यांना चौथीही लागते.

पीएम-किसान आणि नमो: आधी पात्रता तपासा

पीएम-किसानचे २,००० रुपयांचे तीन हप्ते एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च या कालावधींसाठी असतात. सुरुवातीला ही योजना २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती. २०१९ मध्येच ती सर्व जमीनधारक शेतकरी कुटुंबांना लागू झाली.

नमो योजनेचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डी येथील कार्यक्रमात वितरित झाला. त्याच दिवशी निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचेही लोकार्पण झाले, त्यामुळे आपल्या भागातील अनेकांना ती तारीख लक्षात असेल. नमो योजनेसाठी वेगळा अर्ज नाही. पीएम-किसानचा लाभ ज्यांना मिळतो त्यांनाच नमोचा हप्ता मिळतो. म्हणून पीएम-किसान थांबले की दोन्ही थांबतात. आधी पीएम-किसानची अडचण सोडवा.

पात्रतेचे महत्त्वाचे नियम असे आहेत.

- कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले. एका कुटुंबात एकालाच लाभ मिळतो. पती-पत्नी दोघांच्या नावे जमीन असली तरी दोघांना हप्ता मिळत नाही.
- जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर असावी. त्यानंतर खरेदी, बक्षीसपत्र किंवा वाटणीने नावावर आलेल्या जमिनीवर नवा लाभ मिळत नाही. जमीनधारकाच्या मृत्यूनंतर वारसाने आलेली जमीन याला अपवाद आहे.
- मागील वर्षी प्राप्तिकर भरलेली व्यक्ती कुटुंबात असल्यास लाभ नाही.
- सेवेतील किंवा निवृत्त सरकारी कर्मचारी अपात्र आहेत. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना सूट आहे.
- महिना १०,००० रुपये किंवा जास्त निवृत्तिवेतन घेणारे अपात्र आहेत. येथेही चतुर्थ श्रेणीला सूट आहे.
- व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते, सनदी लेखापाल, वास्तुविशारद तसेच आजी-माजी मंत्री, आमदार, खासदार, महापौर आणि जिल्हा परिषद अध्यक्ष अपात्र आहेत.

अपात्र असताना घेतलेली रक्कम शासन वसूल करते. पती-पत्नी दोघांच्या नावे हप्ते गेलेली आणि १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन घेतलेली संशयित प्रकरणे २०२५ मध्ये बाजूला काढून प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत त्यांचे हप्ते रोखण्यात आले आहेत. तुमचे प्रकरण त्यात असेल आणि तुम्ही पात्र असाल, तर कागदपत्रे घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात पडताळणी करून घ्या.

हप्त्याची स्थिती कशी वाचायची?

पीएम-किसानच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्टेटस' या ठिकाणी नोंदणी क्रमांक टाका. नोंदणी क्रमांक माहीत नसेल तर तेथेच मोबाइल किंवा आधार क्रमांकावरून तो शोधता येतो. पुढे आलेल्या पानावर तीन गोष्टी पाहा.

- 'लँड सीडिंग' समोर 'नो' असेल तर तुमची जमीन पोर्टलवर जोडलेली नाही. चालू सातबारा, आठ-अ, आधार आणि १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी जमीन नावावर असल्याचा फेरफार घेऊन ग्राम महसूल अधिकारी किंवा तालुका कृषी कार्यालयाकडे जा. बँकेत जाऊन उपयोग नाही.
- 'ई-केवायसी' समोर 'नो' असेल तर कोणत्याही कार्यालयात जायची गरज नाही. आधारला मोबाइल जोडलेला असल्यास ओटीपीने, नसल्यास सीएससी केंद्रात बोटाच्या ठशाने ती होते. वयामुळे किंवा कामामुळे ठसे उमटत नसतील तर पीएम-किसान ॲपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी करता येते.
- 'आधार बँक सीडिंग' समोर 'नो' असेल तर बँकेतच जावे लागेल.

तिन्ही ठिकाणी 'येस' असेल तर खाली हप्त्यांची माहिती पाहा. 'आरएफटी साइन्ड बाय स्टेट' याचा अर्थ राज्याने तुमच्या पैशाची मागणी केंद्राकडे पाठवली आहे. 'एफटीओ जनरेटेड' म्हणजे पैसे पाठवण्याचा आदेश निघाला आहे. या टप्प्यावर थोडी वाट पाहा. व्यवहार नाकारला गेल्याचे दिसले तर त्यापुढचे कारण लिहून घ्या आणि तेच कारण बँकेत दाखवा.

त्रुटी दूर झाल्यावर अडलेले हप्ते नंतर मिळू शकतात. पण त्रुटी जितकी उशिरा दुरुस्त होते तितकी पडताळणी लांबते. हप्ता जाहीर होण्याची वाट न पाहता आधीच तपासणी करा.

पैसे आले, पण कोणत्या खात्यात?

अनेक शेतकरी जिल्हा सहकारी बँकेचे किंवा गावाजवळच्या बँकेचे पासबुक भरून घेतात, त्यात हप्ता दिसत नाही आणि पैसे आलेच नाहीत असे समजतात. आधारवर आधारित पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असे नसते. राष्ट्रीय देयक महामंडळाच्या (एनपीसीआय) यादीत आधार ज्या बँकेशी शेवटचे जोडले आहे, त्या बँकेतील खात्यात ते जातात.

उदाहरणार्थ, तुमचे जुने खाते एका बँकेत आहे. मधल्या काळात टपाल खात्याच्या पेमेंट बँकेत किंवा दुसऱ्या बँकेत खाते उघडताना तुम्ही अनुदानासाठी आधार जोडण्यास संमती दिली. त्यानंतरचे सर्व अनुदान नव्या खात्यात जाईल.

तपासण्यासाठी 'माय आधार' संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा. तेथे बँकेचे नाव आणि जोडणी चालू आहे की बंद हे दिसते. बदल हवा असल्यास ज्या बँकेत पैसे हवे आहेत तेथे आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा. 'आधार खात्याला जोडा' एवढेच सांगू नका. 'अनुदानासाठी एनपीसीआयला जोडा' असे स्पष्ट सांगा, कारण नुसते केवायसीसाठी आधार दिल्याने ही जोडणी होत नाही. बरेच महिने व्यवहार नसलेले खाते बंद अवस्थेत गेले असेल तर तेही चालू करून घ्या.

नैसर्गिक आपत्तीची मदत कर्जखात्यात वळती करू नये, अशा सूचना शासन निर्णयात दिलेल्या असतात. तसे झाले तर शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

सातबारा, वारस नोंद आणि नावातील फरक

खातेदार वारल्यावर त्यांच्या नावाचे हप्ते थांबतात आणि ते थांबायलाच हवेत. पण वारस नोंद वेळेवर न झाल्याने पत्नीचा किंवा मुलाचा हक्काचा लाभही अडून राहतो. खातेदाराच्या मृत्यूनंतर पुढील क्रमाने काम करा.

१. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून वारस नोंदीचा अर्ज करा.
२. फेरफाराची नोटीस निघते. हरकत नसल्यास मुदतीनंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.
३. नवा सातबारा मिळाल्यावर वारसाच्या नावाने पीएम-किसानची नवी नोंदणी करा. मयत खातेदाराचे नाव २०१९ पूर्वीचे असल्याचा फेरफार आणि वारसाचा फेरफार असे दोन्ही जोडा.
४. मयत व्यक्तीच्या खात्यात येणारे हप्ते काढत राहू नका. ती रक्कम पुढे वसूल होते.

मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी महसूल विभागाने एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम राबवली. तुमच्या सातबारावर अजूनही आजोबांचे किंवा वडिलांचेच नाव असेल तर हे काम पुढे ढकलू नका.

नावातील फरक ही दुसरी अडचण. आधारवर 'दत्तात्रय' आणि सातबारावर 'दत्तू' असे असल्यास जोडणी अडते. सातबारावरील लेखनातील चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ नुसार तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आधारवरील चूक आधार केंद्रात दुरुस्त करा. कोणता कागद बरोबर आहे हे आधी ठरवा, नाहीतर दोन्हीकडे बदल करून गोंधळ वाढतो.

शेतकरी ओळख क्रमांक

ॲग्रिस्टॅक योजनेतील शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजेच फार्मर आयडी, १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांच्या लाभासाठी बंधनकारक झाला आहे. त्यात तुमचे आधार आणि तुमच्या नावावरील सर्व गट क्रमांक एकत्र जोडले जातात.

नोंदणी सीएससी केंद्रात किंवा स्वतः पोर्टलवर करता येते. नोंदणी करताना एक चूक वारंवार होते. फक्त राहत्या गावातील गट जोडला जातो आणि शेजारच्या गावातील किंवा अकोले, राहाता, राहुरी तालुक्यातील जमीन राहून जाते. पुढे त्या गटावरील पिकाचे नुकसान झाले तर ते क्षेत्र मदतीत धरण्यास अडचण येते. सर्व आठ-अ उतारे सोबत ठेवूनच नोंदणी करा. सामाईक खात्यात प्रत्येक खातेदाराने स्वतंत्र ओळख क्रमांक काढावा.

ई-पीक पाहणी: कांदा अनुदानातून काय शिकायचे?

२०२३ मध्ये लाल कांद्याचे भाव पडल्यावर राज्याने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिले. एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलची मर्यादा होती. म्हणजे १२० क्विंटल विकलेल्यास ४२,००० रुपये आणि कमाल ७०,००० रुपये.

या अनुदानासाठी विक्रीची पावती आणि सातबारावर कांद्याची नोंद अशा दोन्ही गोष्टी मागितल्या गेल्या. कांदा पिकवला होता, विकला होता, पावतीही होती, पण पीक पेऱ्यात कांदा नव्हता, अशा शेतकऱ्यांची अडचण झाली. नंतर गावपातळीवरील समितीमार्फत खात्री करण्याची वाट काढावी लागली. दोन मिनिटांची नोंद न केल्याने हे सगळे वाढले.

तेव्हा भाव चांगला असो वा वाईट, प्रत्येक हंगामात ई-पीक पाहणी स्वतः करा. शेतात उभे राहून फोटो काढा. कांदा, डाळिंब, टोमॅटो, मका, घास असे जे पीक आहे तेच आणि जेवढे क्षेत्र आहे तेवढेच नोंदवा. मिश्र पीक असेल तर दोन्ही नोंदवा. नोंद चुकली तर ठरलेल्या वेळेत ॲपमध्येच दुरुस्ती करा. हंगामाची मुदत संपण्यापूर्वी ॲपवर गावाची यादी उघडून आपले नाव पाहा. विक्रीची पावती शेतकऱ्याच्याच नावाने घ्या. भावाच्या किंवा गाडीवाल्याच्या नावाची पट्टी अनुदानाला उपयोगी पडत नाही.

दूध उत्पादकांनी हाच नियम जनावराच्या कानातील बिल्ल्याबाबत पाळावा. जानेवारी २०२४ पासून गाईच्या दुधाला लिटरला ५ रुपये अनुदान जाहीर झाले तेव्हा बिल्ला, त्याची भारत पशुधन प्रणालीतील नोंद आणि आधार जोडलेले खाते या अटी होत्या. गाय विकली किंवा विकत घेतली की पशुवैद्यकीय दवाखान्यात मालकाचे नाव बदलून घ्या.

पीक नुकसानीची मदत

अतिवृष्टी, गारपीट किंवा पुराने ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झाल्यास मदत मिळते. आपत्ती निधीचे दर हेक्टरी जिरायतीस ८,५०० रुपये, बागायतीस १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकांस २२,५०० रुपये असे आहेत. साधारण मर्यादा २ हेक्टर असते. २०२५ च्या अतिवृष्टीत ती ३ हेक्टर करण्यात आली. ०.६० हेक्टर जिरायत बाजरी गेली असेल तर ५,१०० रुपये मिळतील, असा हिशेब करून पाहा.

पंचनामा ग्राम महसूल अधिकारी, सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि ग्रामपंचायत अधिकारी मिळून करतात. पंचनाम्याच्या दिवशी शेतात हजर राहा आणि गट क्रमांक, पीक, क्षेत्र बरोबर लिहिले का ते पाहा. यादी मंजूर झाल्यावर विशिष्ट क्रमांक (व्हीके नंबर) मिळतो. तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करावे लागते. फार्मर आयडी असलेल्यांना २०२५ मध्ये यातून सवलत देण्यात आली. यादीत नाव असून पैसे आले नाहीत, तर आधी प्रमाणीकरण बाकी आहे का ते विचारा.

पीक विमा ही वेगळी गोष्ट आहे. खरीप २०२५ पासून एक रुपयातील विमा बंद झाला असून खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला १.५ टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा आहे.

ठिबक: पूर्वसंमतीआधी खरेदी नको

ठिबक आणि तुषारला केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुक्रमे २५ आणि ३० टक्के पूरक अनुदान मिळून ते ८० आणि ७५ टक्के होते. कमाल क्षेत्र ५ हेक्टर आहे.

ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या मापदंड खर्चावर असते, दुकानदाराच्या बिलावर नव्हे. समजा मापदंड १ लाख रुपये आणि बिल १ लाख २० हजार रुपये झाले. अल्पभूधारकाला ८० हजार मिळतील, ४० हजार स्वतःचे जातील. खरेदीपूर्वी हा हिशेब विक्रेत्याकडून लेखी घ्या.

महाडीबीटीवर २०२५-२६ पासून सोडतीऐवजी प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य आहे. अर्ज, निवड, कागदपत्रे, पूर्वसंमती, खरेदी, बिल अपलोड, जागेवर तपासणी आणि मग पैसे, असा क्रम आहे. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचे बिल असेल तर अनुदान नाकारले जाते.

तुमची चूक नसतानाही उशीर होतो

सर्व नोंदी बरोबर असूनही पैसे लांबतात, हेही खरे आहे. कांदा अनुदानात १० कोटी रुपयांपेक्षा जास्त मागणी असलेल्या जिल्ह्यांत पहिल्या टप्प्यात १० हजार रुपयांपर्यंतच रक्कम देण्यात आली आणि उरलेली पुढच्या टप्प्यांत आली. त्यात नाशिकसह तेव्हाचा अहमदनगर जिल्हा होता. ठिबकचे अनुदानही निधी आल्यावरच सुटते.

म्हणून अनुदान येईल या भरवशावर जास्त व्याजाचे कर्ज काढू नका. उशीर निधीचा आहे की नोंदीचा, हे पोर्टलवरील स्थितीवरून ओळखा. निधीचा असेल तर कागदपत्रे पुन्हा देण्याची गरज नाही आणि 'लवकर काढून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देण्याचीही नाही. व्हॉट्सॲपवर पीएम-किसानच्या नावाने येणारी एपीके फाइल उघडू नका. ती उघडल्याने खाते रिकामे होऊ शकते. ओटीपी फक्त स्वतः चालू केलेल्या कामासाठी वापरा.

तक्रारीसाठी पीएम-किसानचा मदत क्रमांक १५५२६१ आहे. कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाची तारखेसह पोच घ्या.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

- गावातील थांबलेल्या लाभार्थ्यांची यादी कारणानुसार वेगळी करा: जमीन, ई-केवायसी, बँक. एकत्र यादी वाचून दाखवल्याने कोणी कुठे जायचे ते कळत नाही.
- शिबिर घेताना बँक प्रतिनिधी, सीएससी चालक आणि ग्राम महसूल अधिकारी एकाच दिवशी बोलवा.
- विधवा, वृद्ध आणि ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर गेलेल्या कुटुंबांकडे आधी जा. त्यांच्याकडे मोबाइल जोडलेला नसतो आणि त्यांचेच हप्ते जास्त काळ अडून राहतात.

दर हंगामापूर्वी ही तपासणी करा

- सातबारा आणि आठ-अ नवीन काढून नाव व क्षेत्र पाहिले का?
- आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला आहे का?
- 'बँक सीडिंग स्टेटस' मध्ये हवी तीच बँक दिसते का?
- पीएम-किसानच्या तिन्ही नोंदींसमोर 'येस' आहे का?
- फार्मर आयडीत सर्व गट आले का?
- ई-पीक पाहणी आणि जनावरांचे बिल्ले अद्ययावत आहेत का?

सहाही उत्तरे 'हो' असतील तर तुमच्या बाजूने काम पूर्ण आहे. एखादे 'नाही' असेल तर त्या एकाच नोंदीचे कागद घेऊन त्या एकाच कार्यालयात जा.